अवरोधक ग्राही आणि प्रतिकार पेशींचे नियमन

प्रस्तावना :
रोगजंतूंचा नाश करणे हे शरीरातील प्रतिकार संस्थेचे कार्य होय. मात्र तिचा मारा वेळीच थांबला नाही, तर निरोगी ऊतींचीही हानी होते. या माऱ्याला आवर घालण्याचे काम प्रतिकार पेशींच्या पृष्ठभागावरील अवरोधक ग्राही करतात. प्रस्तुत लेखात त्यांची कार्यपद्धती व कर्करोगोपचारातील महत्त्व स्पष्ट केले आहे.

कार्यपद्धती :
टी-पेशी कार्यान्वित होण्यासाठी प्रतिजनाची ओळख आणि सीडी-२८ या ग्राहीमार्फत मिळणारा उत्तेजक संदेश या दोन्हींची आवश्यकता असते. सीटीएलए-४ हा अवरोधक ग्राही सीडी-२८ला लागणारे बी-७ रेणू स्वतःकडे ओढून घेतो. हा ग्राही नसलेले उंदीर जन्मानंतर तीन-चार आठवड्यांतच दगावतात, असे १९९५ मध्ये आढळले. पीडी-१ची रीत वेगळी आहे. त्याला पीडी-एल-१ हा रेणू जोडला गेला की पेशीच्या आत एसएचपी-२ हे विकर सक्रिय होते व संदेशवाहक प्रथिनांवरील फॉस्फेट गट काढून टाकते. परिणामी उत्तेजक संदेश क्षीण होतो.

कर्करोगोपचार :
अनेक कर्कपेशी पीडी-एल-१ धारण करून टी-पेशींना निष्प्रभ करतात. हा अवरोध दूर करण्याच्या संशोधनाबद्दल जेम्स अ‍ॅलिसन व तासुकु होंजो यांना २०१८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. पीडी-१ला रोखणारे निव्होलुमॅब हे प्रतिपिंड उपलब्ध असले, तरी त्याचा खर्च बहुसंख्य भारतीय रुग्णांच्या आवाक्याबाहेरचा आहे.

या दृष्टीने मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील चाचणी महत्त्वाची ठरते. डोके व मानेच्या प्रगत कर्करोगाच्या १५१ रुग्णांपैकी निम्म्या रुग्णांना तोंडावाटे घ्यावयाच्या तीन औषधांसोबत दर तीन आठवड्यांनी केवळ २० मिलिग्रॅम निव्होलुमॅब देण्यात आले. प्रचलित मात्रा दर दोन आठवड्यांनी २४० मिलिग्रॅम आहे. एक वर्ष जगणाऱ्यांचे प्रमाण १६.३ टक्क्यांवरून ४३.४ टक्क्यांवर गेले. मात्र पूर्ण मात्रेशी थेट तुलना या चाचणीत नव्हती, त्यामुळे दोन्ही मात्रा तुल्यबळ आहेत असे त्यावरून म्हणता येत नाही.

समारोप :
अवरोध हटविल्यास आतडे, फुप्फुस, अवटू ग्रंथी यांवर प्रतिकार पेशींचाच हल्ला होऊ शकतो. म्हणून अवरोधक ग्राही हे केवळ उपचारातील अडथळे नसून शरीराचे संरक्षकही आहेत. अवरोध किती सैल करावा, तसेच तो उपचार सामान्य रुग्णास परवडेल कसा, या दोन्ही प्रश्नांचा विचार एकत्रच व्हावयास हवा.