शिट्टीनंतरची झटापट

सामना सुरू होण्याआधी सरपंच प्रत्येक खेळाडूचे हात बघतात. वैशाखऱ्याच्या मैदानावर दोन्ही संघ रांगेत उभे राहतात आणि सरपंच एका टोकाकडून निघतात. बोटं उलटी करून नखं तपासतात, दंडावरून तळवा फिरवून तेल लावलंय का ते पाहतात, अंगठी, कडं, गळ्यातली साखळी उतरवायला लावतात. मनगटावरचा देवाचा दोरा निघत नसेल तर त्यावर चिकटपट्टी गुंडाळली जाते. गुणलेखकाच्या टेबलावर गुणपत्रिका आणि घड्याळाशेजारी एक नेलकटर ठेवलेलं असतं. नख वाढलेला खेळाडू तिथे येतो, नख काढतो आणि मगच मैदानात जातो. या तपासणीवर कोणी वाद घालत नाही. सात जणांना सात जणांच्या अंगावर जायचंय, तेव्हा कोणाच्या हातात काय आहे ते आधी बघून घ्यायचं, हे सगळ्यांना पटलेलं असतं.

कल्याणहून मुरबाड, सरळगाव, टोकावडे करत माळशेज घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावर वैशाखरे लागतं. नाणेघाट चढणारे इथेच उतरतात. भात निघालं की मुरबाड आणि शहापूर तालुक्यांतल्या गावागावांत एखादं मोकळं खाचर सपाट केलं जातं, दगड वेचले जातात, पाणी मारून माती दाबली जाते आणि फक्कीने रेषा आखल्या जातात. मग थंडीपासून उन्हाळ्यापर्यंत रात्री दिव्यांच्या प्रकाशात कबड्डीचे सामने चालतात. खेळणाऱ्यांत कोणी मुरबाडच्या एमआयडीसीतली पहिली पाळी संपवून आलेला असतो, कोणी कॉलेजात, कोणी घरच्या शेतीवर. बनियनवर बहुतेकदा गावदेवीचं नाव असतं. त्यामुळे मैदानावर धक्का एकाला बसतो आणि लागतो सगळ्या गावाला.

मी गुणलेखकाच्या टेबलाशेजारी बसून सामने पाहिले ते खेळाकडे कमी आणि पंचांकडे जास्त लक्ष ठेवून. कबड्डीत बळ वापरायचंच असतं. पाय ओढायचा, कंबर धरायची, चौघांनी मिळून एकाला मातीत दाबून ठेवायचं, हे सगळं नियमात बसतं. मग मारामारी कुठे सुरू होते, आणि ती सुरू होण्याआधी कोणाला दिसते, हे मला बघायचं होतं.

नियमांनी ही हद्द पुरेशी स्पष्ट आखून दिली आहे. चढाई करणाऱ्याचं तोंड दाबायचं नाही, गळा आवळायचा नाही, केस किंवा कपडे धरून ओढायचं नाही, पायांची कैची घालून अडकवायचं नाही, इजा होईल अशी आडदांड पकड करायची नाही. असं काही करून त्याला अडवलं, तरी तो बाद होत नाही. तोंड दाबण्याचा नियम कबड्डीच्या मुळाशी जातो. चढाईपटू एका दमात ‘कबड्डी, कबड्डी’ म्हणत असतो आणि दम तुटला की बाद होतो. तोंडावर हात ठेवणं हा म्हणूनच त्याला हरवायचा सगळ्यात सोपा आणि सगळ्यात हलका मार्ग.

पुरुषांचं मैदान १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद, चढाई ३० सेकंदांची. मध्यरेषेच्या दोन टोकांना दोन पंच, अंतिम रेषांकडे सहाय्यक गुणलेखक आणि सगळ्यांवर सरपंच. बघायला माणसं पुरेशी वाटतात. पण साखळी करून चार जण एकावर पडले की पंचाला दिसते ती पाठींची रास. आत कोणाचं कोपर कुठे आहे, गुडघा कोणाच्या बरगडीवर टेकलाय, हे उभं राहून कळत नाही. म्हणून चांगला पंच पकड होताच खाली वाकतो. मी पाहिलेल्या पंचांपैकी एक जण तर मध्यरेषेजवळ जवळजवळ जमिनीला गाल लावायचे. एक डोळा चढाईपटूच्या पुढे आलेल्या बोटांवर, कारण ती मध्यरेषेपार गेली तर सगळा हिशेब उलटतो. दुसरा डोळा धरणाऱ्यांच्या हातांवर.

अशीच एक चढाई सांगतो. गुणांचं अंतर दोन-तीनचं, वेळ थोडा उरलेला. चढाईपटूने डाव्या कोपऱ्याकडे पाय लांबवला आणि कोपरारक्षकाने घोटा धरला. लगेच मध्यरक्षक मांडीवर आला, मग साखळी पडली. चढाईपटूने तिघांना घेऊन मध्यरेषेकडे हातभर मजल मारली, पण दम तुटला आणि शिट्टी वाजली. पकड स्वच्छ होती, गुण ठरला होता. तरी वरचा खेळाडू उठेना. त्याचा गुडघा खालच्याच्या पाठीवर होता आणि तो तसाच ठेवून त्याने हात वर करून आपल्या गावाकडे पाहिलं. खालच्याचं कोपर मागे आलं. ते लागायच्या आत पंच दोघांच्या मधे होते. “सोड! सोड! उठ! जागेवर!” एवढंच बोलले, आणि बोलताना एक हात वरच्याच्या छातीवर, दुसरा खालच्याच्या खांद्यावर. दोन्ही संघनायकांना बोलावून घेतलं. सरपंचांनी वरच्याला हिरवं कार्ड दाखवलं, कोपर मागे आणणाऱ्यालाही ताकीद दिली. गुणलेखकाने ते लिहून घेतलं. पुढची चढाई सुरू व्हायला फार वेळ लागला नाही.

सामना संपल्यावर मी त्या पंचांना त्याबद्दल विचारलं, तेव्हा शाळेत शिक्षक असलेल्या त्या गृहस्थांनी मला उलट प्रश्न केला, की भांडण पकडीत सुरू झालं की पकड सुटल्यावर. त्यांचं म्हणणं होतं, की पकड चालू असते तोवर दोघांचं डोकं गुणात असतं. शिट्टी वाजते, गुण ठरतो आणि अंगातला जोर तसाच उरतो. त्या दोन-तीन सेकंदांत जो पंच गुण दाखवायला टेबलाकडे वळतो, त्याच्या पाठीमागे मारामारी होते. म्हणून शिट्टीनंतर आधी माणसं सोडवायची, मग हात वर करून गुण द्यायचा.

कार्डं तीन रंगांची, आणि त्यांचा अर्थ आता गावच्या पोरांनाही पाठ आहे. हिरवं म्हणजे ताकीद. पिवळं म्हणजे दोन मिनिटं मैदानाबाहेर, आणि तेवढा वेळ संघात एक माणूस कमी. लाल म्हणजे त्या सामन्यातून हकालपट्टी. हिरवं दुसऱ्यांदा मिळायची वेळ आली की पिवळं होतं, पिवळं दुसऱ्यांदा आलं की लाल. यातलं सगळ्यात मोलाचं हिरवं. त्याने कोणाचं नुकसान होत नाही, म्हणून ते काढताना पंचाला धीर लागत नाही आणि घेताना खेळाडूचा अपमान होत नाही. सामन्याच्या पहिल्या पाच मिनिटांत एक हिरवं निघालं, की दोन्ही बाजूंना हद्द कळते. जिथे पंचाने सुरुवातीला ‘जाऊ दे’ म्हणून सोडून दिलं, तिथे उत्तरार्धात त्याला थेट लाल काढावं लागतं, आणि तेव्हा ते कोणी मानायला तयार नसतं.

जगात एक खेळ असाही आहे, ज्याने मारामारीला नियमपुस्तकात जागा दिली. उत्तर अमेरिकेच्या व्यावसायिक आइस हॉकीत, म्हणजे नॅशनल हॉकी लीगमध्ये, १९२२ पासून मुठींनी भांडणाऱ्याला पाच मिनिटं बाहेर बसवायची पद्धत आहे. दोन खेळाडू हातमोजे टाकतात, एकमेकांना ठोसे मारतात, पंच बाजूला उभे राहतात आणि दोघांपैकी कोणी खाली पडला की मग सोडवतात. बहुतेक संघांकडे या कामासाठीच ठेवलेला एखादा दांडगा खेळाडू असायचा. असं म्हणत, की त्याच्या धाकाने बाकीचे वाकडं वागत नाहीत. या धाकाची किंमत खेळाडूंच्या मेंदूंनी मोजली. डेरेक बूगार्ड हा असाच एक खेळाडू २०११ मध्ये २८ व्या वर्षी गेला. मृत्यूनंतर तपासणी झाली तेव्हा डोक्याला वारंवार बसलेल्या मारामुळे होणारा मेंदूचा आजार त्याच्यात आढळला.

हद्द एकदा सैल झाली की ती पंचापाशी थांबत नाही, हेही त्याच खेळाने दाखवलं. मार्च १९५५ मध्ये मॉन्ट्रियलचा लाडका खेळाडू मॉरिस रिचर्ड याने झटापटीत पंचांपैकी एकाला ठोसा मारला. लीगने त्याला उरलेल्या हंगामासाठी बाहेर काढलं, आणि १७ मार्चला मॉन्ट्रियलचे रस्ते पेटले.

ही गोष्ट आपल्याला परकी वाटायचं कारण नाही. वैशाखऱ्यावरून जाणारा हाच रस्ता माळशेज चढून अहिल्यानगरला पोहोचतो. २ फेब्रुवारी २०२५ रोजी तिथे महाराष्ट्र केसरीच्या गादी विभागाच्या अंतिम कुस्तीत पृथ्वीराज मोहोळने शिवराज राक्षेला चीतपट केल्याचा निर्णय झाला. दोन्ही खांदे टेकलेच नव्हते, असं राक्षेचं म्हणणं. वाद वाढला आणि त्याने पंचांना लाथ मारली. त्याच संध्याकाळी किताबाच्या कुस्तीत मोहोळसमोर उतरलेला महेंद्र गायकवाड पंचांशी वाद घालून आखाडा सोडून गेला. कुस्तीगीर संघाने दोघांवर तीन-तीन वर्षांची बंदी घातली. खांदे टेकले की नाही यावर वाद घालायचा हक्क मल्लाला आहे. तो वाद कुठे आणि कसा मांडायचा याची वाट त्याला समोर दिसली नाही, म्हणून त्याने पाय उचलला असेल. तरी त्या लाथेचं समर्थन होत नाही.

वाट दिसते तेव्हा काय होतं, हे हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत दिसलं. ७ ऑक्टोबर २०२३, भारत विरुद्ध इराण, कबड्डीचा अंतिम सामना, गुण २८-२८. भारताचा पवन सहरावत कोणाला न शिवता राखीव क्षेत्रात, म्हणजे मैदानाच्या कडेच्या पट्ट्यात, गेला आणि इराणचे खेळाडू त्याच्या मागे गेले. फक्त पवन बाद, की मागे गेलेलेही बाद? जुना आणि नवा नियम वेगवेगळं सांगत होते. निर्णय फिरले, दोन्ही संघ आळीपाळीने मॅटवर बसून राहिले, खेळ तासाभराच्या घरात थांबला. संताप दोन्हीकडे होता, पण कोणी कोणाच्या अंगावर गेलं नाही. शेवटी खेळ सुरू झाला आणि भारताने ३३-२९ ने सुवर्ण जिंकलं. नियम संदिग्ध असला तर जगातले सगळ्यात अनुभवी पंचही अडकतात, हे त्या दिवशी कळलं. आणि खेळाडूंना दाद मागायची जागा असली तर हात आवरलेले राहतात, हेही.

गावच्या मैदानावर ती जागा दोरीच्या आत असायला हवी. प्रत्यक्षात प्रेक्षक रेषेला चिकटून बसलेले असतात. पकड राखीव क्षेत्रापर्यंत घसटत आली की खेळाडू त्यांच्या मांडीवर पडतात. अशा वेळी एखाद्या काकांनी आपल्या पोराला सोडवायला हात घातला, तर समोरच्या गावाला तो हात मारण्यासाठीच आलेला वाटतो. वैशाखऱ्याला मी पाहिलं ते चांगलं होतं: बांबू रोवून दोन हातांवर दोरी बांधलेली, दोरीपाशी गावातली वडीलधारी माणसं बसवलेली आणि दाद मागायला फक्त संघनायकाला टेबलाकडे यायची मुभा. इतर कोणी आलं की एक आजोबा उठायचे आणि म्हणायचे, “बाळा, तू खेळ. बोलायला तुझा कप्तान आहे ना.” पोरगा मागे फिरायचा.

बुवा साळवींनी कबड्डीला एका नियमाखाली बांधून देशभर आणि आशियात नेलं, १९९० मध्ये बीजिंगला ती आशियाई स्पर्धेत खेळली गेली, आणि २०१४ पासून प्रो कबड्डीने तिला पैसा आणि प्रकाश दिला. टीव्हीवरच्या पंचाजवळ चित्रीकरण आहे, पुनर्विचाराची सोय आहे. वैशाखऱ्याच्या पंचाजवळ शिट्टी, तीन कार्डं आणि स्वतःचे डोळे आहेत. राज्य असोसिएशनची पंच परीक्षा देऊन तो उभा असतो आणि मध्यरात्रीनंतर मोटारसायकलवरून घरी जातो, त्याच रस्त्याने, ज्या रस्त्याने हरलेला संघ जातो.

म्हणून आयोजकांनी काही गोष्टी पक्क्या करायला हव्यात. प्रत्येक कार्ड गुणपत्रिकेवर लिहिलं जावं आणि लाल कार्डाची नोंद तालुक्यातल्या पुढच्या आयोजकाकडे जावी. आज एका गावात हाकललेला खेळाडू आठवड्याने दुसऱ्या गावात नव्या बनियनमध्ये उतरतो. यजमान संघाच्या सामन्याला बाहेरचे पंच असावेत. मैदानाशी प्रथमोपचार जाणणारा माणूस आणि एक गाडी तयार असावी. पंचाला घरापर्यंत सोबत द्यावी. यातल्या कशालाही मोठा खर्च नाही. बक्षिसाच्या रकमेतला एक छोटा भाग पुरतो.

या मैदानांवर खेळणाऱ्या पोरांना सकाळी पाळीवर, वर्गात किंवा शेतावर जायचं असतं. मोडलेलं बोट किंवा मुरगळलेला गुडघा म्हणजे त्यांच्या घरातली महिनाभराची मजुरी. ते इथे ताकद दाखवायला येतात, आणि ताकद पूर्ण लावता यावी यासाठीच कोणीतरी हद्द राखावी लागते. पंच ती राखतो तेव्हा तो दोन्ही गावांच्या पोरांची काळजी घेत असतो. त्याच्या हिरव्या कार्डाला मान देण्याची सुरुवात दोरीबाहेर बसलेल्या आपण करायची आहे.