श्रीवर्धन ते बहारीन

ऑगस्ट २०२३. मासेमारीबंदी ३१ जुलैला उठली होती आणि नारळी पौर्णिमा तोंडावर आली होती. त्याच दिवसांत श्रीवर्धन तालुक्याच्या किनाऱ्यावर प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळलेली पाकिटं लाटांबरोबर येऊन पडू लागली. आत चरस होता. खाली दापोलीतल्या कर्दे-लाडघरलाही तसंच. बोट दिसली नाही, माणूसही दिसला नाही. पोलीस आणि सीमाशुल्क खात्याची माणसं दिवसचे दिवस वाळू तुडवत राहिली.

असा माल वाळूवर आला की उशीर झालेला असतो. त्याला अडवायचं ते पश्चिमेला शेकडो मैलांवर, जिथे कोणत्याच देशाची हद्द नाही. तिथे पहारा देतं ‘संयुक्त कृती दल १५०’. ते बहारीनमध्ये मुख्यालय असलेल्या चाळीसहून अधिक देशांच्या संयुक्त सागरी दलांचा भाग आहे. त्याचं नेतृत्व सदस्य देशांकडे पाळीपाळीने जातं. भारत नोव्हेंबर २०२३ मध्ये या दलांचा पूर्ण सदस्य झाला.

खरी अडचण आहे कायद्याची. खुल्या समुद्रात जहाजावर हुकूम चालतो तो ज्याचा झेंडा त्याचा. परक्या जहाजावर चढून तपासणी कधी करता येते, ते १९८२ च्या सागरी कायद्याच्या करारात सांगितलं आहे. त्यात चाचेगिरी आहे, गुलामांचा व्यापार आहे; अमली पदार्थ नाहीत! त्यासाठी १९८८ चा संयुक्त राष्ट्रांचा करार झेंड्याच्या देशाची परवानगी मागायला सांगतो. पण तस्करीच्या कित्येक ढावांवर, म्हणजे लाकडी गलबतांवर, झेंडाच नसतो, आणि बिनझेंड्याच्या जहाजावर मात्र युद्धनौकेला चढता येतं. तस्करांनी ओळख लपवायला काढलेली युक्ती अशी त्यांच्यावरच उलटते.

आपल्या ‘आयएनएस तलवार’ने १३ एप्रिल २०२४ रोजी या दलासोबतच्या मोहिमेत पहिली कारवाई केली आणि ९४० किलो माल पकडला. ३१ मार्च २०२५ रोजी ‘तर्कश’ने २,३८६ किलो हशीश आणि १२१ किलो हेरॉइन धरलं. त्या वेळी टेहळणी विमानाने संशयास्पद जहाजांची खबर दिली होती. नौकेने हेलिकॉप्टर उडवलं आणि मरीन कमांडो ढावावर उतरले. दोन्ही नौका मुंबईच्या पश्चिमी ताफ्यातल्या, म्हणजे अलिबागकरांच्या शेजारच्याच.

या व्यवस्थेतली एक गोष्ट मला खटकते. भर समुद्रात पकडलेला माल बहुधा तिथेच नष्ट होतो, पण खटला कोणत्या देशाने चालवायचा हे ठरत नाही म्हणून खलाशी अनेकदा सुटतात. आणि माल पाठवणारा तर ढावावर नसतोच. तरीही अडीच टन विष किनाऱ्याला लागलं नाही, हे मोलाचं आहे.

किनाऱ्याचं दार आतून उघडलं तर काय होतं, ते रायगडने भोगलं आहे. फेब्रुवारी १९९३ मध्ये श्रीवर्धनजवळच्या शेखाडीला मुंबईच्या बॉम्बस्फोटांसाठीचं आरडीएक्स उतरलं. अशा मालाला वाट मोकळी करून देणारे सीमाशुल्क खात्याचे अधिकारी आणि पोलीस पुढे न्यायालयात दोषी ठरले.

१८ ऑगस्ट २०२२ ला हरिहरेश्वरला एक बेवारस बोट लागली. आत एके-४७ रायफली होत्या. त्या जुन्या आठवणीने अख्खा जिल्हा हादरला. पण त्याच दिवशी विधानसभेत सांगता आलं की बोट ऑस्ट्रेलियन महिलेच्या मालकीची आहे, इंजिन बिघडल्याने जूनमध्ये ती सोडून द्यावी लागली आणि खलाशांना कोरियाच्या जहाजाने वाचवून ओमानच्या हवाली केलं. त्या सुटकेची नोंद कुणीतरी नीट ठेवली होती, म्हणून श्रीवर्धनकरांना ती रात्र धास्तीत काढावी लागली नाही. गुरुग्राममध्ये डिसेंबर २०१८ मध्ये सुरू झालेलं हिंद महासागर माहिती केंद्र हेच काम करतं: कोणतं जहाज कुठे आहे, कुठलं गप्प झालं, याची देशोदेशींची माहिती एका ठिकाणी जुळवायची.

या साखळीची अलीकडची कडी आपल्या बंदरावरच असते. जाळं ओढताना तांडेलाला नाव-नंबर नसलेली बोट दिसते. ती कुठल्या गावची नाही, हे त्याला लांबूनच कळतं. तो सागरी सुरक्षेचा मदत क्रमांक १०९३ फिरवतो.