घडीची सायकल आणि शाळेच्या किल्ल्या

नवे वाहन घरी आले की त्याला हळदकुंकू वाहावे, चाकाखाली लिंबू ठेवावे, पेढे वाटावेत आणि निघावे, अशी आपली रीत आहे. वाहनाची जुळवणी हा विषय आपण दुकानदारावर सोपवून निश्चिंत असतो. परंतु २०२४ च्या मे महिन्यात आमच्या बेळगावच्या घरी जे वाहन आले त्याचा दुकानदार जर्मनीत होता, आणि वाहन आले होते एका मोठ्या प्रवासी पेटीतून, कन्येच्या सामानाबरोबर. ती होती घडीची सायकल. तिला साखळी नव्हती. साखळीच्या जागी एक काळा दातेरी पट्टा होता. तिची जुळवणी करताना मी ज्या चुका केल्या आणि जे शिकलो, ते अशी गाडी घेऊ पाहणाऱ्या वाचकांच्या उपयोगी पडेल, म्हणून हा लेखनप्रपंच.

गरज कशी उत्पन्न झाली ते आधी सांगितले पाहिजे. मी खानापूर तालुक्यातील एका सरकारी मराठी शाळेचा मुख्याध्यापक; राहणे बेळगावात, टिळकवाडीला. खानापूरपर्यंत आगगाडी आहे. पण तेथून शाळा चार किलोमीटर आत, आणि तिकडची बस येईल तेव्हा खरी. रोजचा सारा प्रवास स्कूटरने करण्यास माझ्या पाठीच्या मणक्यांनी केव्हाच नकार दिला होता. २०२३ च्या जुलै महिन्यात एके दिवशी बस आलीच नाही. काही अंतर चालत, काही एका दूधवाल्याच्या मागे बसून मी शाळेत पोचलो, तेव्हा पाऊण तास उशीर झाला होता. किल्ल्यांचा दुसरा जोड ज्या शिक्षिकेकडे असे त्यांची नुकतीच बदली झालेली. म्हणजे किल्ल्या माझ्या पिशवीत आणि मुले पावसात! पहिलीतली एक मुलगी डोक्यावर दप्तर धरून भिंतीला चिकटून उभी होती. कोणी तक्रार केली नाही. सर्वांनी नेहमीसारखे 'नमस्ते सर' म्हटले. त्या नमस्काराला उत्तर देताना मला वर पाहवले नाही.

ही हकीकत मी फोनवर कन्येला सांगितली होती. तिने ती लक्षात ठेवली, हे मला पेटी उघडल्यावर कळले.

साखळी गेली, पट्टा आला

सायकल ही बेळगावकरांना नवलाची वस्तू नव्हे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी आपले बंधू रामूअण्णा ह्यांच्यासह १८८८ साली सायकलींच्या व्यवसायाला आरंभ केला तो ह्याच गावी; पुढे नांगर आले, कारखाना आला आणि १९१० साली किर्लोस्करवाडी वसली. घडीची सायकलही तशी जुनीच. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश छत्रीसैनिकांसाठी बीएसए कंपनीने दुमडणारी सायकल तयार केली होती. १९७५ च्या सुमारास लंडनमध्ये अँड्र्यू रिची ह्यांनी आपल्या राहत्या जागेत लहान चाकांच्या घडीच्या सायकलीची आखणी आरंभिली. समोरच्या ब्रॉम्प्टन ओरेटरी ह्या चर्चवरून तिला ब्रॉम्प्टन हे नाव मिळाले. आणि मार्क सँडर्स ह्यांनी विद्यार्थिदशेत आखलेली, १९८७ साली बाजारात आलेली त्रिकोणी आकाराची स्ट्रायडा तर साखळीऐवजी पट्ट्यावरच चालत असे.

घडी आणि पट्टा ह्यांची सांगड का बसली, हे थोडा विचार केला तर ध्यानात येते. साधी सायकल आपण भिंतीला टेकवून ठेवतो. घडीची सायकल मात्र उचलून घ्यावी लागते, गाडीच्या डब्यात गुडघ्याशी ठेवावी लागते. तेथे तेलकट साखळी असली की स्वतःच्या पाटलोणीचे आणि शेजारणीच्या पातळाचे काय होईल ते सांगावयास नको. पट्ट्याला वंगण लागत नाही. म्हणून तो कपडे काळे करीत नाही.

हा पट्टा पिठाच्या गिरणीच्या पट्ट्यासारखा सपाट नसतो, म्हणून तो तसा घसरतही नाही. त्याच्या आतल्या बाजूस दाते असतात आणि ते चक्राच्या खाचांत बसतात. माझ्या गाडीचा पट्टा पॉलियुरेथेनचा आहे, आणि त्याच्या पोटात कार्बनचे बारीक तंतू लांबीने घातलेले आहेत. साखळी झिजत जाते तशी लांबत जाते. हे तंतू जवळजवळ लांबतच नाहीत. मात्र पट्ट्याला जोड नसतो. साखळीची कडी काढावी तसा तो मध्ये उघडता येत नाही. म्हणून अशा गाडीच्या सांगाड्यालाच मागील बाजूस एक उघडणारा सांधा ठेवलेला असतो. तात्पर्य, घरातील जुन्या सायकलीची साखळी काढून हौसेने पट्टा बसवू म्हणाल तर ते सहसा साधणार नाही.

पट्टा एका चक्रावरून दुसऱ्यावर उडी मारू शकत नाही. त्यामुळे गिअर मागच्या चाकाच्या हबमध्ये, आत बंद असतात. माझ्या गाडीला असे तीन आहेत. ते बदलताना पायांचा जोर क्षणभर सोडावा. चढावर जोर लावीत बदलू नयेत.

तेलाची बुधली

पहिल्या दिवशी आम्ही बापलेकींनी पेटीतील भाग अंगणात सतरंजीवर मांडले. पायंडले बसविताना एक गोष्ट विसरू नये: डाव्या पायंडलाचे आटे उलटे असतात. हे न जाणता पाना फिरविणारा मनुष्य आटे खराब करतो. आट्यांना थोडे ग्रीस लावावे. सीटची उंची अशी ठेवावी की पायंडल सर्वांत खाली असताना गुडघा किंचित वाकलेला राहील. सीटच्या दांड्यावर एक मर्यादारेषा कोरलेली असते. ती नळीच्या बाहेर दिसता कामा नये. दांड्यावर मी दोन रंगीत चिकटपट्ट्या लावल्या, एक माझ्या उंचीची आणि एक सौभाग्यवतीच्या. साखळीत पदर अडकण्याची धास्ती गेल्यामुळे तिनेही तीस वर्षांनी सायकल हाती धरली, हा ह्या गाडीचा अनपेक्षित लाभ.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे बिजागरीचा खटका. गाडीचा मधला दांडा आणि हँडलचा दांडा जेथे दुमडतो तेथे हे खटके असतात. ते पूर्ण बसल्याची खात्री हाताने करून घेतल्यावाचून एकदाही गाडीवर बसू नये. दाबताना तळहाताला चांगला विरोध जाणवला पाहिजे. सहज मिटणारा खटका सैल समजावा आणि पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे घट्ट करावा.

इतके सारे नीट केल्यावर पहिल्या रविवारी मी तेलाची बुधली घेऊन बसलो. चाळीस वर्षांचा रविवारचा नेम! पट्ट्यावर चार-सहा थेंब पडले असतील नसतील, तोच कन्या धावत बाहेर आली.

"अहो बाबा, ह्याला तेल नसतं!"

पट्ट्याला तेल घातले की धूळ आणि रेती त्याला चिकटते, आणि खानापूरच्या तांबड्या मातीत तर विचारूच नका. साबणाच्या पाण्याने आणि मऊ ब्रशाने तो पट्टा मी पुसून काढला. आता नेम असा आहे: चिखल झाला की पाण्याने धुवावे, कोरड्या धुळीने कुरकुरू लागला तरी प्रथम पाणीच. बुधलीचे काम बिजागरीचा खिळा आणि ब्रेकच्या सांध्यांपुरते उरले. आणखी एक पथ्य आहे. पट्टा कधीही पिळू नये, उलटा करू नये, की स्क्रूड्रायव्हरने रेटून चक्रावर चढवू नये. वरून काही दिसत नाही, परंतु आतील तंतू मोडतात आणि पुढे केव्हातरी पट्टा ऐन रस्त्यात तुटतो.

पट्ट्याचा ताण हा खरा नाजूक विषय. सैल राहिला तर जोर लावताच तो दात चुकवून उडी मारतो. फार आवळला तर गाडी जड चालते आणि बेअरिंगे झिजतात. तो मोजण्याची रीत मला फार आवडली. पट्ट्याचा वरचा पदर तारेसारखा छेडावयाचा. त्याच्या नादाची कंपने मोबाइलमधील ॲप मोजते, आणि ती पुस्तिकेतील आकड्याशी ताडून पाहावयाची. पायंडल थोडे थोडे फिरवून तीन-चार ठिकाणी असे मोजावे, कारण प्रत्येक ठिकाणी ताण अगदी सारखा नसतो. मागचे चाकही सरळ हवे. नाहीतर पट्टा चक्राच्या एका कडेला घासत राहतो. तंबोरा जुळवावा तसे आम्ही दोघे अंगणात पट्टा जुळवीत होतो, आणि शेजारची मुले कुंपणावरून पाहत होती.

जोडसामान: घडी होते काय?

जोडसामान घेताना माझी दुसरी चूक झाली. भाजीसाठी पुढे तारेची टोपली आणि मागे मजबूत लोखंडी कॅरिअर मी बाजारातून आणून बसविले. गाडी देखणी दिसू लागली; मात्र दुमडेना! टोपली चाकावर आपटे आणि कॅरिअर सीटच्या आड येई. दोन्ही परत केली. तेव्हापासून प्रत्येक वस्तूला मी एकच प्रश्न विचारतो: तुझ्यासह घडी होते काय?

ह्या परीक्षेत उतरलेल्या वस्तू थोड्याच. दोन्ही चाकांना पूर्ण लांबीचे मडगार्ड. आपल्या पावसात त्यांना पर्याय नाही. पुढे चामडी पट्ट्यांनी अडकविण्याची आणि उतरविताच खांद्याला लावता येणारी पिशवी. तिच्यात डबा, हजेरीपट आणि किल्ल्या. एक घंटा, मात्र बिजागरीपासून दूर बसविलेली. मागे तांबडा दिवा. एक लहान पंप. कारण लहान चाकांत हवा कमी झाली की गाडी लगेच जड होते आणि खड्डा थेट मणक्याला सांगतो. किती हवा भरावी तो आकडा टायरच्या कडेवर छापलेला असतो. माझ्या ट्यूबचा व्हॉल्व्ह स्कूटरच्या ट्यूबसारखा असल्याने पेट्रोलपंपावरही हवा भरता येते.

दोन जादा ट्यूबही घ्याव्यात, पण आकडे वाचून. 'वीस इंची' एवढे म्हणणे पुरेसे नाही. वीस इंची म्हणून विकल्या जाणाऱ्या टायरांत ४०६ आणि ४५१ मिलिमीटर अशी दोन निराळी मापे प्रचलित आहेत, आणि एकाचे टायर दुसऱ्या रिमवर बसत नाही.

शेवटची वस्तू शहापूरच्या एका शिंप्याने शिवून दिली: जाड ताडपत्रीची गवसणी. ओली गाडी उघडी नेऊन सहप्रवाशांच्या कपड्यांना चिखल लावण्याचा अधिकार आपल्याला नाही. गवसणीत घातलेली गाडी दाराच्या वाटेत न येईल अशी कडेला ठेवली की कोणी हरकत घेत नाही.

सायकलवाला

स्टेशनच्या वाटेवर एका वृद्ध सायकलवाल्याचे दुकान आहे. माझ्या तीन सायकली त्यांच्याच हाताखालून गेल्या. जूनच्या आरंभी मी नवी गाडी त्यांना मुद्दाम दाखविण्यास नेली. ते बराच वेळ वाकून पाहत राहिले.

"सर, ह्याला चेनच नाही की ओ," ते म्हणाले. "तेल नाही, चेन नाही. मग आम्ही काय करायचं?"

मजजवळ उत्तर नव्हते. त्यांनी गाडीवरून एक फेरी मारली आणि परत येऊन म्हणाले, "ब्रेक उलटे आहेत तुमचे." खरेच होते. आपल्याकडे उजव्या हाताला पुढचा ब्रेक असतो. जर्मनीत बहुधा डाव्या हाताला. महिनाभर गाडी चालवूनही, पुस्तिका वाचूनही, माझ्या ते ध्यानात आले नव्हते. एखाद्या उतारावर घाबरून नेहमीचा हात दाबला असता तर काय झाले असते, ह्याचा विचार आजही नकोसा वाटतो. त्यांनी तारा अदलाबदल करून दिल्या आणि पैसे घेण्यास नकार दिला.

जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात, भर पावसात, त्याच रस्त्यावर माझे मागचे चाक बसले. गाडी सुटण्यास बावीस मिनिटे होती. सहशिक्षिका त्या दिवशी प्रशिक्षणाला गेलेल्या. किल्ल्यांचा जोड पुन्हा एकटा माझ्याच पिशवीत. पुस्तिकेप्रमाणे मागचे चाक काढावयाचे म्हणजे गिअरची तार सोडवावयाची, पट्टा उतरवावयाचा आणि नंतर सारा ताण पुन्हा जुळवावयाचा. माझ्या डोळ्यांपुढे भिंतीला चिकटलेली ती मुलगी आली.

मी गाडी ढकलीत दुकानाशी पोचलो. ते नुकतेच फळ्या काढीत होते. मी पुस्तिकेतील कृती सांगू लागलो, पण त्यांचे लक्ष नव्हते. त्यांनी गाडी उलटी केली, टायरची एकच कड रिमवरून सोडविली, चाक जागचे न हलविता ट्यूब बाहेर ओढली आणि घमेल्यातील पाण्यात बुडविली. बुडबुडे आले. घासणे, सोल्युशन, ठिगळ, आणि टायरच्या आतून बोट फिरवून काढलेला बाभळीचा काटा. साऱ्या कामाला अकरा मिनिटे लागली. पट्ट्याला त्यांनी स्पर्शही केला नाही.

"चाक कशाला काढायचं, सर?" पंप मारता मारता ते म्हणाले. "पंक्चर चाकाला नाही, ट्यूबला आहे."

मला गाडी मिळाली. खानापुरात पाऊस थांबला नव्हता. पण मी शाळेचे कुलूप उघडले तेव्हा पहिली मुले नुकतीच कोपऱ्यावरून वळत होती.

त्यानंतर मी दोन गोष्टी केल्या. किल्ल्यांचा तिसरा जोड करून शाळेशेजारच्या घरी ठेवला. ते वर्षभर आधीच सुचावयास हवे होते. आणि दोन जादा ट्यूबांपैकी एक त्या सायकलवाल्यांच्या दुकानात नेऊन दिली. त्यांनी ती खिळ्याला टांगली आणि खडूने वर माझे नाव लिहिले आहे. माझ्या निवृत्तीला अजून चार पावसाळे आहेत.