अंगठा उठत नाही? बायोमेट्रिक मशीन नेमकं काय तपासतं?

बुलढाणा जिल्ह्यात सोयाबीनची सोंगणी आणि कापसाची वेचणी करून शेतकरी-मजुरांची बोटं खरबरीत होतात. मग रेशन दुकानात अंगठा लावला की मशीन सांगतं, ‘जुळत नाही’. माणूस तोच, कार्डही तेच. मग अडतं कुठे?

मशीन काय तपासतं?
बोटावरच्या रेषा जिथे संपतात किंवा फुटतात, त्या जागा मशीन टिपतं. ही माहिती आधार क्रमांकासह सांकेतिक रूपात आधार प्राधिकरणाकडे जाते. तिथे नोंदणीच्या वेळच्या ठशाशी तुलना होते आणि ‘हो’ किंवा ‘नाही’ असं उत्तर येतं. रेषा झिजल्या असतील, बोट ओलं किंवा फार कोरडं असेल, तर ठसा नीट उमटत नाही. म्हणजे ‘नाही’ आलं म्हणून माणूस खोटा ठरत नाही.

अंगठा उठला नाही तर?
• हात धुऊन, पुसून दुसरं बोट लावून पाहा. नोंद दहाही बोटांची असते.
• सोय असेल तिथे डोळ्यांचं स्कॅनिंग, चेहरा किंवा मोबाइलवरचा ओटीपी वापरा.
• ठसे वारंवार जुळत नसतील तर आधार केंद्रात बायोमेट्रिक अपडेट करा.
• ठसा जुळला नाही एवढ्याच कारणावरून पात्र कुटुंबाचं धान्य अडवू नये, असं केंद्राने ऑक्टोबर २०१७ मध्येच राज्यांना कळवलं आहे.

ठसा चोरीला जाऊ शकतो का?
हो. गावात आधारवर पैसे काढताना बँकेचं नाव, आधार क्रमांक आणि ठसा पुरतो. पिन किंवा ओटीपी लागत नाही. कागदपत्रांवरचे ठसे उचलून, त्यांची नक्कल करून खात्यातले पैसे काढल्याचे प्रकार देशात घडले आहेत. पासवर्ड फुटला तर बदलता येतो, बोट बदलता येत नाही.

म्हणून काय करावं?
आधारच्या वेबसाइटवर किंवा एम-आधार ॲपवर ‘बायोमेट्रिक लॉक’ करा. लॉक असताना ठसा चालत नाही, त्यामुळे रेशनला किंवा पैसे काढायला जाताना तो तात्पुरता उघडा. ‘परत अंगठा लावा’ असं कुणी म्हटलं, तर आधी पहिला व्यवहार खरंच फसला का, ते पावतीवर किंवा बँकेच्या मेसेजमध्ये बघा. अडचण आल्यास आधारची हेल्पलाइन आहे १९४७. घरातल्या वडीलधाऱ्यांनाही हे जरूर सांगा.