डाव्या वळणाचा शंख

एमएस्सीच्या प्रबंधासाठी माझ्या वाट्याला एक नखाएवढा शंख आला, तोही अर्धा दगडात रुतलेला. लाव्हाच्या दोन थरांमध्ये अडकलेल्या तळ्याच्या गाळातला, नागपूर परिसरातला. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी त्या तळ्यात गोगलगायी होत्या. याच भागातल्या शंखांची वर्णनं पाद्री स्टीफन हिस्लॉप यांनी १८६० मध्ये छापली. माझा दगड मात्र फोडायचा नव्हता.

मायक्रो-सीटी यंत्रात दगड फिरत राहतो, एक्स-रे निघत राहतात आणि त्यांतून संगणक दगडाचे आडवे काप जुळवतो. मला १,००० काप मिळाले. प्रत्येक काप १,००० बाय १,००० ठिपक्यांचा, ठिपक्याला २ बाइट. म्हणजे २ जीबी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ऑक्सफर्डचे विल्यम सोलस असेच काप मिळवत, पण जीवाश्म थराथराने घासून. शेवटी चित्रं उरत, जीवाश्म संपलेला असे.

खरं काम काप मिळाल्यावर सुरू झालं. गाळातलं हाड असेल, तर करड्या छटांवरून संगणक ते बरंचसं वेगळं काढतो. इथे शंखही सिलिकाचा आणि भोवतीची गारही सिलिकाची. घनता जवळपास सारखी, त्यामुळे छटाही सारखी. ‘थ्रीडी स्लायसर’ या मोफत सॉफ्टवेअरमध्ये मी दर दहाव्या कापावर कवचाची कड माउसने गिरवत गेले. मधले नऊ संगणकाने भरले, आणि तेही मग एकेक तपासले. कड हरवली की चार काप मागेपुढे जाऊन शोधायची. थकलेल्या डोळ्यांना नसलेली कडही दिसते, म्हणून रात्रीचं काम सकाळी पुन्हा पाहायचं.

अडीच आठवड्यांनी मॉडेल उभं राहिलं. दुसऱ्या शहरातल्या तज्ज्ञांना ते मेल करण्याआधी पडद्यावर फिरवून पाहिलं: टोक वर, तोंड माझ्याकडे. तोंड उजवीकडे उघडत होतं! माझा शंख ‘फायसा’ नावाच्या गोगलगायींच्या गटातला, आणि या गटातले शंख डावे. असे धरले की तोंड डाव्या हाताला येतं. क्षणभर वाटलं, वेगळंच काही सापडलं. मग डबीतला दगड काढला. त्यातून बाहेर दिसणारा शंख डावाच होता. कापांचे क्रमांक खालून वर होते, सॉफ्टवेअरने ते वरून खाली रचले आणि अख्खा शंख आरशातल्यासारखा उलटला. मापं बरोबर, वेढे बरोबर, फक्त बाजू बदललेली. ही चूक फाइलमध्ये कधीच दिसली नसती.

तेव्हापासून मी एकटं मॉडेल कुणालाही पाठवत नाही. तुम्हीही पाठवू नका. सोबत मूळ काप, त्यांचा क्रम आणि दगडाचा मोजपट्टीसह काढलेला एक फोटो जोडा. कुठली कड अंदाजाने गिरवली तेही लिहा.