मोरांचं रान, मेंढरांची वाट

मोराचा पिसारा बघायला दिवाळीच्या सुटीत नायगावला जाणारे हमखास हिरमुसतात. विणीचा हंगाम सरला की नर मोर लांब पिसं झाडून टाकतो आणि नवी पुरती वाढायला काही महिने जातात. मृगाचं आभाळ भरून येतं तेव्हाच जावं. पाटोदा तालुक्यातल्या बालाघाटच्या डोंगररांगांतलं हे सुमारे तीस चौरस किलोमीटर रान १९९४ मध्ये मयूर अभयारण्य झालं.

अभयारण्य, राष्ट्रीय उद्यान नव्हे. पर्यटकाला हा फरक जाणवतही नाही, मेंढपाळाचं मात्र सगळं त्यावरच अडतं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने राष्ट्रीय उद्यानात चराईला साफ मनाई आहे. अभयारण्यात ती वन खात्याने घातलेल्या मर्यादेत चालू शकते.

शेजारच्या नगर-सोलापुरात हद्दीचा खेळ फारच लांबला. १९७९ मध्ये माळढोकासाठी सुमारे साडेआठ हजार चौरस किलोमीटरवर अभयारण्य जाहीर झालं. त्यात गावं आली, शेतं आली, जमिनींचे व्यवहार अडले आणि बिचारा पक्षी लोकांच्या रागाचा धनी झाला. पुढे क्षेत्र बाराशेच्या आसपास आणावं लागलं.

हे फक्त आपल्याकडेच घडलं असंही नाही. स्वीडनने १९०९ मध्ये युरोपातली पहिली राष्ट्रीय उद्यानं जाहीर केली, त्यांतली सारेक आणि स्तोरा शोफालेत आर्क्टिक वर्तुळापलीकडे, सामी लोकांच्या रेनडिअर चराईच्या मुलखात. निसर्ग अस्पर्श राखायचा म्हणणाऱ्या सरकारने दहाच वर्षांत स्तोरा शोफालेतचा एक भाग वगळून वीजधरणाला दिला! १९९६ मध्ये हा परिसर लापोनिया नावाने जागतिक वारसा ठरला, आणि त्यात निसर्गाइतकीच सामींची चराईची परंपराही मोजली गेली. आज त्याचा कारभार बघणाऱ्या मंडळात सामींचं बहुमत आहे.

मराठवाड्यातला धनगरही कळपामागे फिरणारा. पिकं निघाली की शेतकरी त्याला बोलावून रानात मेंढ्या बसवतो. लेंडीखताने जमीन कसदार होते. २००६ च्या वनहक्क कायद्याने भटक्या पशुपालकांचा हंगामी चराईचा हक्क मान्यही केला आहे. पण अनुसूचित जमातींत नसलेल्यांना वनक्षेत्रातल्या तीन पिढ्यांच्या, म्हणजे ७५ वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा द्यावा लागतो. ज्याचा तळच दर चार दिवसांनी हलतो, त्याने तो कोणत्या गावच्या दप्तरातून आणायचा?