हार्ड डिस्क, पंचनामा आणि वकील

ई-मेल, मोबाइलमधील संदेश, सीसीटीव्हीचे चित्रण यांतून वादाशी संबंधित नोंदी हुडकून त्या जशाच्या तशा न्यायालयापुढे किंवा तपास यंत्रणेपुढे ठेवण्याच्या कामाला इलेक्ट्रॉनिक डिस्कव्हरी म्हणतात, आणि २००६ साली अमेरिकेच्या दिवाणी कार्यपद्धतीच्या नियमांत अशा नोंदींना स्पष्ट स्थान मिळाल्यावर तिथे ती वकिलीची वेगळी शाखाच होऊन बसली. तिकडच्या खटल्यांतील व सरकारी चौकशांतील दस्तऐवज चाळण्याचे काम पुढे मुंबईतल्या तरुण वकिलांकडेही आले; त्यात कोर्टात उभे राहणे नसले तरी कोणता कागद उघड करायचा आणि कोणता वकील-अशिलातील गोपनीय म्हणून राखायचा, हा निर्णय अस्सल वकिलीचाच असतो.

भारतात मात्र हे काम करणाऱ्या वकिलाची खरी कसोटी नोंद सापडल्यावर सुरू होते. जालना विधानसभा मतदारसंघात २०१४ मध्ये अर्जुन खोतकर २९६ मतांनी निवडून आले, तेव्हा त्यांचे उमेदवारी अर्ज दुपारी तीनच्या मुदतीनंतर स्वीकारले गेल्याचा आक्षेप पराभूत उमेदवार कैलास गोरंट्याल यांनी घेतला, आणि त्याचा मोठा आधार निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातील चित्रीकरण हा होता. तेव्हाच्या पुरावा कायद्याच्या कलम ६५-ब नुसार अशा चित्रीकरणाच्या प्रतीसोबत जबाबदार व्यक्तीचे प्रमाणपत्र लागत असे. ते वारंवार मागूनही अधिकाऱ्यांनी दिले नाही. उच्च न्यायालयाने निवडणूक रद्द ठरवली आणि १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने खोतकरांचे अपील फेटाळताना सांगितले की, मूळ उपकरणच हजर केले नसेल तर प्रमाणपत्र अनिवार्य आहे, मात्र पक्षकाराने शक्य ते सारे करूनही ते मिळाले नसेल तर त्याला त्याची शिक्षा होऊ नये. (तोवर जालन्यात पुढची निवडणूक होऊन गोरंट्याल आमदारही झाले होते.)

फौजदारी खटल्यांतही हाच प्रश्न उभा राहतो. ठाणे पोलिसांनी ऑक्टोबर २०१६ मध्ये अमेरिकी नागरिकांना फसवल्याच्या आरोपावरून मीरा रोडच्या कॉल सेंटरांवर छापे घातले. अशा गुन्ह्यांत शस्त्र आणि साक्षीदार, दोन्ही संगणकच असतो. पुरावा कायद्याच्या जागी १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालील प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत, एक नोंद सादर करणाऱ्याचा व दुसरा तज्ज्ञाचा, आणि त्यांत ‘हॅश’ मूल्य नमूद करावे लागते. हॅश म्हणजे फाइलमधील मजकुरावरून गणिताने काढलेली अक्षर-अंकांची ओळ, जी फाइलमध्ये एक स्वल्पविराम हलला तरी बदलते. म्हणून बचावाचा वकील आधी पंचनामा काढतो आणि जप्तीच्या वेळी नोंदलेले हॅश न्यायवैद्यक प्रयोगशाळेच्या अहवालाशी जुळते का, ते ताडून पाहतो.

ठाण्याच्या नौपाड्यातील जुन्या इमारतींच्या पुनर्विकासाच्या वादांतही विकासकाचे ई-मेल आणि सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावरील मजकूर आता पुढे येतो, पण त्याचे नुसते स्क्रीनशॉट छापून आणणाऱ्या सेक्रेटरींना वकिलाने पहिल्याच भेटीत सांगायला हवे की गटातले काही पुसू नका, आणि मूळ मोबाइल विकू अथवा बदलू नका.